भरलेल्या पाण्याची रेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, भूमापन कार्यालयात बत्तीस वर्षे नकाशे काढून निवृत्त झालेली, हल्ली मुक्काम औषधाच्या दुकानावरची भाड्याची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती काही जणांना गैरसोयीची वाटावी इतकी चांगली आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मी रागावलेली आहे, हे मात्र लपवत नाही. रागात केलेले मृत्युपत्र कायद्याने चालते का, असे वकीलबाईंना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, “राग वेगळा, भ्रम वेगळा, काकू. चालतं.”

माझे पती, माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, गेल्या सप्टेंबरात वारले. आम्हाला मूलबाळ नाही. आम्ही दोघांनी पूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते, कारण त्यातली मुख्य मालमत्ता, म्हणजे तळ्याकाठचे घर, मागच्या आठवड्यापासून माझी राहिलेली नाही. तळ्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग बुजवला गेला आहे. उत्तरेकडच्या अर्ध्याचा निर्णय शहर पर्यावरण समितीच्या येत्या बैठकीत व्हायचा आहे. घर त्यासाठी गेले. ते कसे, हे कलम चारमध्ये आहे.

कलम एक. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. यांचाही तिथेच दिला. शोकसभा घेऊ नये. कोणी ऐकलेच नाही आणि घेतली, तर समितीच्या अध्यक्षांना बोलायला उभे करू नये. यांच्या शोकसभेत ते पाऊण तास बोलले. त्यात यांचे नाव दोनदा आले. बाकी सगळे ‘मी’ आणि ‘आम्ही’.

कलम दोन. बँकेतली शिल्लक, दागिने, शिवणयंत्र, लोखंडी कपाट आणि त्यातले सगळे माझ्या बहिणीच्या मुलीला द्यावे. कपाटाची किल्ली उजवीकडे फिरवताना दार किंचित उचलावे लागते. यांचे सहा सदरे मी ठेवले आहेत. ते वाटू नयेत. तिने त्यांची फडकी केली तरी चालेल, पण स्वतःच्याच घरात. माझी भाची मला भेटून जेवढे बोलली त्यापेक्षा तिचा राग मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. तिला घर मिळणार होते. लहानपणापासून तिच्या सुट्ट्या त्याच घरात गेल्या. तिचे म्हणणे मी चौथ्या कलमात जसेच्या तसे घातले आहे, म्हणजे मावशीने आपली बाजूच ऐकली नाही असे तिला वाटू नये.

कलम तीन. माझी शंभर फुटी पोलादी टेप, नकाशाच्या पेनांचा डबा आणि तिरपा लाकडी फळा कार्यालयात माझ्या टेबलावर आता बसणाऱ्या मुलीला द्यावा. टेप दर वापरानंतर कोरड्या फडक्याने पुसावी.

यांच्या नऊ वह्या शहरातल्या विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्याव्यात. हे नऊ वर्षे समितीचे सदस्य होते. समिती बिनपगारी आहे, कामही बिनपगारी असते. बहुतेकांचे त्यामुळे काहीही न करता भागते. हे मात्र दर रविवारी गुडघाभर बूट चढवून, खुणा केलेली काठी घेऊन तळ्यात उतरायचे आणि पाच ठिकाणची खोली वहीत लिहायचे. ताप असला तरी जायचे. मी ओरडायचे, “अहो, एक रविवार तळं कुठे पळून जाणार आहे?” हे म्हणायचे, “पळालं तर कधी पळालं ते कळायला नको?” भराव टाकल्यावर समितीने जो अहवाल छापला, त्याच्या अकराव्या पानावर ‘पूर्वीच्या खोलीच्या नोंदी उपलब्ध नाहीत’ असे वाक्य आहे. वह्या त्यांच्याच कार्यालयात, त्यांच्याच कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात होत्या. मी स्वतः जाऊन आणल्या. शिपायाने पोच मागितली, ती मी दिली. म्हणजे नोंदी नव्हत्या, पण त्या नेल्याची पोच आहे. वह्या समितीला कधीही, प्रदर्शनापुरत्यासुद्धा, देऊ नयेत.

कलम चार. घर.

समितीला सदस्यांची आचारसंहिता असावी, हा आग्रह यांचाच. ती लिहिलीही यांनीच, आमच्या जेवणाच्या टेबलावर, तीन महिने. त्यातले सातवे कलम असे: ज्या विषयात सदस्याचा, त्याच्या पतीचा वा पत्नीचा, आईवडिलांचा किंवा मुलांचा लाभ असेल, किंवा ज्या जागेपासून शंभर फुटांच्या आत त्यांची मालमत्ता असेल, त्या विषयाच्या वेळी सदस्याने सभागृहाबाहेर बसावे आणि मत देऊ नये. मी तेव्हा विचारले होते की भाऊ, मेहुणे, जावई यांचे काय. हे म्हणाले, “यादी एवढी लांबवली तर खोलीत फक्त पंखा उरेल.” आम्ही दोघेही हसलो होतो. तो हसण्याचा विषय नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दक्षिणेकडचा भाग बुजवून मालट्रकांचा तळ करण्याचा विषय आला. आदल्या दिवशी यांनी मला टेप काढायला लावली. पाणी उन्हाने आत सरकले होते. परसातल्या भिंतीपासून पाण्यापर्यंत एकशे बारा फूट भरले. हे खूश झाले. मी म्हणाले, ही उन्हाळ्याची रेघ आहे. आमच्या कार्यालयात तळ्याची हद्द भरलेल्या पाण्याला धरतात. दगडांवर तिचा डाग राहतो, तिथून मोजायचे. डागापासून शहाण्णव फूट भरले.

“कुठली धरू?” यांनी विचारले.

“नकाशात भरलेलीच रेघ काढतात,” मी म्हणाले.

बत्तीस वर्षांची सवय बोलली. मी गप्प बसले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, आणि उत्तर रोज तेच येते, की रेघ शहाण्णववरच होती. पण त्याने झोप येत नाही.

यांनी बैठकीत उठून तसे सांगितले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. आत सहा जण राहिले. तिघे भरावाच्या बाजूने, त्यात अध्यक्ष, तिघे विरोधात. समसमान झाले की अध्यक्षांना आणखी एक मत असते. ते त्यांनी दिले. हे आत असते तर चार विरुद्ध तीन झाले असते आणि तळे वाचले असते. भरावाचे कंत्राट अध्यक्षांच्या मेहुण्याला मिळाले. मेहुणा यादीत नव्हता. अध्यक्ष खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

प्रकरण एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित गप्प राहिले असते. गप्प राहणे हा माझा स्वभाव आहे. पण समितीने शहरासाठी शाश्वत विकासाची बारा उद्दिष्टे ठरवली होती. त्यातले चौथे, ‘अस्तित्वातील जलसाठ्यांचे जतन’. गेल्या वर्षीच्या अहवालात त्यापुढे लिहिले होते, ‘शंभर टक्के साध्य’. अर्धे तळे बुजवून शंभर टक्के कसे, म्हणून मी नकाशा मागवला. त्यांनी तळ्याची हद्द उन्हाळ्याच्या रेघेने काढून घेतली होती, आणि तीही भराव पडल्यानंतरच्या उन्हाळ्याची. जेवढे उरले तेवढेच मूळ तळे, आणि ते सगळे जपले! प्रामाणिक माणसाला बाहेर बसवायला भरलेली रेघ, आणि तळे गिळायला सुकलेली. असा नकाशा माझ्या हाताखालच्या नवख्याने काढला असता तर मी त्याला दारात उभे केले नसते.

यांनी पुढच्या बैठकीत हे मांडले. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, तुम्ही तर तेव्हा बाहेर होता. आत काय ठरलं ते तुम्हाला कसं कळणार?” लोक हसले. हे घरी आले, बूट काढले आणि मला म्हणाले, “बरोबर आहे गं त्यांचं. मी बाहेर होतो.” त्यानंतर यांनी वहीत नोंद केली, पण जेवले नाहीत. यांच्या मृत्यूचे कारण डॉक्टरांनी हृदयविकार लिहिले आहे. मी दुसरे काही लिहिणार नाही. ज्याचे मला माप घेता आले नाही ते मी लिहीत नाही.

तेराव्या दिवसानंतर अध्यक्ष घरी आले. सोबत फळांची पिशवी होती. म्हणाले, “वहिनी, सरांची खुर्ची रिकामी ठेवणं बरं दिसत नाही. तुम्ही या समितीवर. काही करायचं नसतं. चहा घ्यायचा, सही करायची.”

मी हो म्हणाले. त्यांना ते अपेक्षित नसावे. उठता उठता त्यांनी खिडकीतून तळ्याकडे बघितले आणि म्हणाले, “उत्तरेचा विषय पुढेमागे येईल. त्या दिवशी मात्र तुम्ही घरीच आराम करा. शंभर फुटांचा नियम आहे ना. सरांनीच केलेला.”

हे बोलताना ते हसत होते. यांच्या फोटोला घातलेला हार अजून वाळला नव्हता.

घर उत्तरेकडच्या पाण्यापासूनही शंभर फुटांच्या आत आहे. मी पुन्हा मोजले. भरलेल्या रेघेने. मग मी बहिऱ्या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांच्याशी माझे ना नाते ना ओळख. शाळा दोन भाड्याच्या खोल्यांत भरते. घर, परस आणि विहीर मी नोंदणी करून शाळेला बक्षीस दिले. अट एकही घातली नाही. अट घातली असती तर माझा संबंध उरला असता.

ही गोष्ट कळल्यावर भाची धावत आली. ती म्हणाली, “मावशी, लोक मतासाठी पैसे घेतात. तू मतासाठी घर दिलंस?”

मी म्हणाले, “हो.”

“मग मला द्यायचं होतंस! भाची त्या यादीत नाही. नियमात बसलं असतं.”

“मेहुणाही नाही यादीत,” मी म्हणाले.

ती जायला उठली. मग म्हणाली, “काका असते तर त्यांनीही हेच केलं असतं. म्हणूनच मला जास्त राग येतोय.” ती चहा न घेता गेली. बाई गं, तुझे घर मी दिले याचे मला वाईट वाटते. चूक केली असे वाटत नाही. दोन्ही खरे आहे.

कलम पाच. बुजवलेल्या भागाच्या कडेला समितीने अकरा झाडे लावली आहेत आणि त्या पट्ट्याला माझ्या पतींचे नाव द्यायचा ठराव केला आहे. मी यास मनाई करते. माझ्या मृत्यूनंतरही ही मनाई लागू राहील आणि ती वकीलबाईंनी लेखी कळवावी. ज्या मातीला विरोध करायला या माणसाला आत बसू दिले नाही, त्याच मातीवर त्याच्या नावाची पाटी लावायला लाज वाटली पाहिजे. त्यांना ती वाटत नसेल तर माझी उसनी घ्यावी. माझ्याकडे यांना बाहेर पाठवल्याची पुरेशी आहे. अकरांपैकी चार झाडे मेली आहेत. अहवालात अकरा आहेत.

कलम सहा. आचारसंहितेच्या सातव्या कलमात भाऊ, बहीण, मेहुणे, जावई, सून, भागीदार आणि भाचेकंपनी घालावी, अशी दुरुस्ती मी लिहून सचिवांकडे दिली आहे. तिची प्रत सोबत जोडली आहे. खोलीत पंखाच उरला तर पंखा उरू द्यावा. त्याने निदान भराव टाकला नसता.

कलम सात. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी वकीलबाईंना नेमते. त्यांनी कोणाच्याही भिडेला बळी पडू नये. फळांची पिशवी आली तर परत पाठवावी.

कलम आठ. विरोधातले ते तिघे सदस्य अजून समितीवर आहेत आणि अजून विरोधात आहेत. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारले. माझे धरून चार होतात. वयाचा भरवसा नाही, म्हणून माझे मत आधीच लिहून, पाकिटात बंद करून ठेवले तर धरतील का, असे मी सचिवांना विचारले. ते फाइलमधून वर न बघता म्हणाले, “मत हयात आणि हजर सदस्याचंच धरतात, बाई.”

बैठक एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी दुपारी चार वाजता आहे. तोपर्यंत मला मरायचे नाही. जिने सावकाश चढते, गोळ्या वेळेवर घेते, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदा बघते. मंगळवारी संध्याकाळी मतमोजणी झाल्यावर, त्यापुढच्या कोणत्याही दिवशी हे मृत्युपत्र अमलात आणण्यास माझी हरकत नाही.

वरील मजकूर मी लिहिला, स्वतः पुन्हा वाचला, आणि खाली नमूद केलेल्या दोघांसमोर सही केली. त्या दोघांनी एकमेकांसमोर व माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काहीही मिळत नाही.

लिहून देणार: (सही) निवृत्त नकाशाकार, सदस्य, शहर पर्यावरण समिती

साक्षीदार पहिले: (सही) औषध दुकानदार, घरमालक. बाईंचा रक्तदाब सही करण्यापूर्वी मी स्वतः मोजला. थोडा वाढलेला होता, पण काळजीचे कारण नाही.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) निवृत्त टंकलेखिका, शेजारच्या खोलीत राहणार. बैठकीला मी बाईंना रिक्षाने सोडणार आहे.

ठिकाण: औषधाच्या दुकानावरची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार