चकती दुप्पट वेगाने का फिरते

सोमवार, ४ ऑगस्ट
फिजिक्सच्या मॅडम महिनाभर रजेवर. प्राचार्यबाईंनी विचारलं, अकरावीला रोटेशनल मोशन, फिरत्या वस्तूंचा धडा, कोण घेईल? स्टाफरूममध्ये सगळे एकदम पेपर तपासायला लागले. मी बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय. म्हणालो, त्यात काय, हातचा मळ!
संकल्प: रोज पहाटे पाच. रोज दहा गणितं.

मंगळवार, ५ ऑगस्ट, सकाळी ७.१०
पाचला उठलो नाही. झोप हवी, हे शास्त्रीय आहे. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, आठवला; त्याची दिशा आठवेना. उजव्या हाताचा अंगठा बराच वेळ फिरवून पाहिला. बायकोने विचारलं, अंगठा दुखतोय का? हो म्हणालो.

बुधवार, ६ ऑगस्ट
तास उत्तम. व्याख्या लिहून दिल्या. सावकाश. फारच सावकाश. पहिल्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी आहे. ती लिहीत नाही. नुसती बघते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
गणित: शंभर किलोची चकती, सेकंदाला दोन रेडियन वेगाने फिरतेय. कडेवर पन्नास किलोचा माणूस. तो चालत मधोमध येतो. नवा वेग? मी एनर्जी कॉन्झर्व्ह केली, म्हणजे आधीची आणि नंतरची सारखी धरली. उत्तर २.८३. पुस्तकात ४. तीनदा केलं, तीनदा २.८३. म्हणजे पुस्तकात छपाईची चूक. प्रकाशकाला कळवायला हवं.


शनिवार, ९ ऑगस्ट
वर्गाला सांगितलं, ४ खोडा, २.८३ लिहा. सगळ्यांनी खोडलं. चष्मेवालीने नाही. उभी राहिली. म्हणाली, सर, बाहेरून टॉर्क नाही, मग अँग्युलर मोमेंटम कायम राहायला हवं ना? माणूस मधोमध आला की मोमेंट ऑफ इनर्शिया निम्मा, म्हणून वेग दुप्पट. मी विचारलं, मग एनर्जीचं काय? म्हणाली, तीही दुप्पट होते. कुठून येते, तेच तुम्हाला विचारायचं होतं.
मी म्हणालो, घंटा झाली. झाली नव्हती.

सोमवार, ११ ऑगस्ट
अंग मोडून आलंय. थर्मामीटर म्हणतो ताप नाही. थर्मामीटर जुना आहे. रजेचा अर्ज लिहिला, तेवढ्यात प्राचार्यबाईंचा फोन: उद्या तुमच्या तासाला मागे बसणार आहे. बायको म्हणाली, अहो, जमत नाही म्हणून सांगून टाका ना. मी ओरडलो, जमत नाही म्हणजे काय? मग पाणी प्यायलो.

मंगळवार, १२ ऑगस्ट, सकाळी
योजना तयार. सबंध तास मीच बोलायचं. प्रश्नाला जागाच ठेवायची नाही.

दुपारी
फळ्याकडे तोंड केलं आणि तसाच उभा राहिलो. खडू मोडला. शेवटी वळलो. म्हणालो, शनिवारी मी चुकीचं सांगितलं. उत्तर चारच आहे. एनर्जी कुठून येते, मला माहीत नाही.
धाडस वगैरे नव्हे. निसटलं तोंडातून.
चष्मेवाली फळ्यापाशी आली. म्हणाली, रविवारभर विचार करत होते. फिरत्या चकतीवर आत यायला माणसाला जोर लावावा लागतो. ते काम तो करतो. एनर्जी त्याच्या पायांतून येते, सर.
तासानंतर प्राचार्यबाई म्हणाल्या, मॅडमनी रजा वाढवलीय. तुम्हीच चालू ठेवा. मी हो म्हणालो.

बुधवार, १३ ऑगस्ट
चष्मेवालीला विचारलं, उतारावरून गोळा घरंगळतो ते गणित तू कसं केलंस? जरा तुलना करायची होती, एवढंच. म्हणाली, मधल्या सुट्टीत लायब्ररीत या. वही आणा.
गेलो. पहिलंच गणित चुकलं. तिने पेन्सिलने बारीक गोल केला आणि शेजारच्या टेबलावरून कुणाला दिसू नये म्हणून त्यावर हात ठेवला.