जोथम टिल्डन ओतारी यांची मिळकत आणि मते

मी, जोथम टिल्डन, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घंटा ओतण्याचा, राहणार एल्डरफील्ड, मॅसॅच्युसेट्स राज्य, या लेखाने जाहीर करतो की, माझे शरीर मोडकळीला आले असले तरी डोके ठिकाणावर आहे, आणि कान तर अजून नको तितके चांगले आहेत. हे लिहावे म्हणून मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. लिहू नये म्हणून मात्र काहींनी बरीच खटपट केली. त्याचे कारण सातव्या कलमात आहे. माझे घरदार कोणाला मिळते याची गावाला फारशी फिकीर नाही. मी मेल्यावर माझ्या मरणाची गोष्ट कोणी आणि कशी सांगायची, यावर खरी ओढाताण चालू आहे.

वकील वेअर यांनी कागदावर पहिली ओळ घरूनच लिहून आणली होती: 'ईश्वराच्या नावाने, आमेन.' आमच्याकडे प्रत्येकाचे मृत्युपत्र तिथूनच सुरू होते, घोडेचोराचेसुद्धा. मी म्हटले, "वकीलसाहेब, ही ओळ खोडा. खाली सही माझी आहे." माझी पत्नी केझाया शेजारी मोजे विणत बसली होती. तिच्या सुया थांबल्या. सुया थांबल्या म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात पुरते कळलेले आहे. तेव्हा तडजोड अशी केली: वर कोणी ऐकणारा असेल तर त्याच्या साक्षीने, आणि नसेल तर खाली सह्या करणाऱ्या तिघांच्या साक्षीने हे लिहून ठेवत आहे.

कलम पहिले. माझा देह गावच्या दफनभूमीत माझा मुलगा एसा याच्या शेजारी ठेवावा. दगडावर नाव, साल आणि धंदा, एवढेच. आमच्या पाथरवटाला पंख फुटलेली कवटी कोरायची फार हौस आहे. ती नको. मी जन्मात कधी शिडीशिवाय वर चढलेलो नाही.

कलम दुसरे. राहते घर, परसातली सफरचंदाची झाडे, गाय आणि भांडीकुंडी ही सर्व केझायाची, कोणत्याही अटीशिवाय. आमच्या गावातले शहाणे लोक बायकोला 'पूर्वेकडची खोली, चुलीचा अर्धा वापर व विहिरीपर्यंत जाण्यायेण्याची वाट' असे लिहून देतात. जिने त्या विहिरीचे पाणी जन्मभर माझ्या भट्टीपर्यंत वाहिले, तिला विहिरीची वाट लिहून देणारा मी कोण? तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच. फक्त डीकन फिनिअस लोथ्रॉप यांच्याशी करू नये. हे गृहस्थ आमच्या प्रार्थनाघराचे डीकन, म्हणजे पाद्र्याच्या खालोखाल मानाचे, आणि तूर्त विधुर आहेत. ही अट नाही, विनंती आहे.

कलम तिसरे. ओतशाळा, भट्टी, खड्डा, साचे आणि सर्व हत्यारे माझी मुलगी मेहिटेबल, म्हणजे आमची हिटी, हिला. कायद्याने बायकोचे ते नवऱ्याचे होते, म्हणून वकील वेअर यांनी विश्वस्त राहावे आणि नफा हिटीच्या हातात द्यावा. जावई सज्जन आहे; पण भोपळ्यावर टिचकी मारली काय आणि घंटेवर मारली काय, त्याला फरक कळत नाही. हिटीला लहानपणापासून एका टिचकीत चीर ऐकू येते.

इथे तिच्यासाठी धंद्यातली एक गोष्ट लिहून ठेवतो. माझे उस्ताद धातू ओतण्याआधी गुडघे टेकून लांबलचक प्रार्थना करीत. एक घंटा फुटली. त्यांनी प्रार्थना वाढवली. दुसरी फुटली. म्हणाले, आपल्यापैकी कोणाच्या तरी मनात पाप आहे, आणि माझ्याकडे पाहू लागले. मनात पाप होतेच, त्या वयात कोणाच्या नसते? पण मी साच्याला गाल लावून पाहिला तर तो आतून गारठलेला, ओलसर. पुढचा साचा मी धग देऊन खडखडीत वाळवला आणि ओतताना पायावर ठिणगी पडली म्हणून तोंडाला येईल ती शिवी हासडली. घंटा अशी निघाली की पलीकडच्या गावचे लोक विचारायला आले. साचा ओला असेल तर प्रार्थनेनेही घंटा वाचत नाही, आणि सुका असेल तर शिव्यांनीही बिघडत नाही. माझे सगळे तत्त्वज्ञान एवढेच. हे विश्वही कोणीतरी ओतलेले असेल, आणि हात चांगला असलेल्या माणसाने ओतले असेल, असे मला वाटते. पण काम झाल्यावर तो रोज येऊन त्यावर टिचक्या मारत बसत असेल, हे पटत नाही.

कलम चौथे. पडणारी वीज स्वतःवर घेऊन जमिनीत उतरवणारा लोखंडी गज माझ्याकडे तयार आहे; तो, तारेसकट, प्रार्थनाघराच्या मनोऱ्यासाठी देत आहे. त्यामागची हकीकत अशी. वीज मनोऱ्यावर पडली, छप्पर जळाले आणि मी ओतलेली घंटा खाली येऊन फुटली. समोरच रूफस पीबडीची खानावळ. तिच्यावर मी आदल्याच वर्षी गज बसवला होता. तिथे रममध्ये तरंगसुद्धा उठला नाही. गावाने देवाची क्षमा मागायला उपासाचा दिवस पाळला. डीकनसाहेब मला म्हणाले, "टिल्डन, देवाच्या हातची काठी हिसकावून घ्यायला निघालास तू!"

मी म्हटले, "डीकनसाहेब, देवानं तुमचे दात पाडले, तुम्ही हस्तिदंताचे बसवलेत. ते कुणाच्या हातून हिसकावलेत?"

"दाताचं वेगळं. खाल्ल्याशिवाय सेवा कशी करणार? आणि खानावळ वाचली म्हणून माजू नकोस. पाप्याला देव सैल सोडतो."

"मग घंटेनं काय पाप केलं होतं? ती बिचारी रविवारशिवाय तोंडसुद्धा उघडत नाही."

ते ताडताड निघून गेले. गज स्वीकारायचा की नाही हे गावसभेने बहुमताने ठरवावे. गज चढवायचा खर्च माझ्या मिळकतीतून व्हावा. नवी घंटाही मीच ओतलेली आहे, आणि एकच घंटा तिसऱ्यांदा ओतायला मी येणार नाही.

कलम पाचवे. प्रार्थनाघरातले खालचे बाक माझ्या मालकीचे आहे. त्यातली केझायाची जागा तिची. माझी जागा व्हायोलेट प्रीमस हिला देत आहे. व्हायोलेट ही स्वतंत्र बाई आहे, धुणी करते, केझायाची मैत्रीण आहे, आणि तिचा रंग काळा म्हणून तिला वरच्या सज्जात जिन्याजवळ बसवतात. मी विश्वास नसताना दर रविवारी का जातो, असे लोक विचारत. एक तर केझायाशेजारी बसायला. दुसरे, सज्जातून येणारा व्हायोलेटचा आवाज ऐकायला. अख्ख्या गावात सुरात असलेला तो एकच आवाज आहे, माझी घंटा धरून. डीकनसाहेबांना हे कळल्यावर ते म्हणाले, "रीत नाही तशी." बाक ही मिळकत आहे, शेळीसारखी. ती कोणाला द्यायची ते मालक ठरवतो. कोणी आडवे आले तर वकील वेअर यांनी खटला भरावा, आणि तो शक्यतो मोठ्या आवाजात चालवावा.

कलम सहावे. पुस्तके गावच्या वाचनमंडळाला. त्यातली दोन जाळण्यासाठी डीकनसाहेबांनी मागितली होती. त्यांना परवानगी आहे. अट एकच, आधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावीत. आजवर ते न्यायला आलेले नाहीत.

कलम सातवे. आमच्या गावची रीत अशी की, माणूस शेवटच्या अंथरुणाला टेकला की शेजारी आळीपाळीने उशाशी बसतात, त्याच्या तोंडून काय निघते ते ऐकतात, आणि पुढच्या रविवारी ते व्यासपीठावरून सर्वांना ऐकवले जाते. भाविकाच्या शेवटच्या शब्दांना चांदीचा भाव असतो. आणि जन्मभर न मानणारा शेवटी वळला, तर सोन्याचा.

कप्तान बार्झिलाय स्नो हा माझा मित्र, समुद्रावर जाऊन आलेला, कोणालाच न मानणारा. झटका आला आणि वाचा गेली. मी त्याच्या पायाशी बसलो होतो, डीकनसाहेब उशाशी. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कप्तान, पश्चात्ताप झाला असेल तर माझं बोट दाबा." त्यांनी स्वतःच त्याचे संधिवाताचे बोट असे आवळून धरले होते की मेलेल्यानेही दाबले असते. रविवारी सगळ्या गावाने ऐकले की कप्तान रडत रडत शरण आला. अजूनही पोरांना दटावताना त्याची गोष्ट सांगतात. कप्तान उठून काही बोलू शकत नाही, हीच त्या गोष्टीची सर्वांत भक्कम बाजू.

आता माझी पाळी आहे. गेला आठवडाभर डीकनसाहेब रोज दुपारी येतात, मक्याची लापशी खातात, हवामानाची चौकशी करतात आणि मग म्हणतात, "टिल्डन, मनात काही येतंय का?"

"येतंय. लापशीत मीठ कमी आहे."

"चेष्टा पुरे झाली. फार वेळ राहिला नाही रे."

"म्हणूनच चेष्टा उरकून घेतोय."

दार ओढून बाहेर गेल्यावर ते ओसरीत पाद्र्याला म्हणाले, "डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. वळतोय." माझे कान मी वर सांगितलेच आहेत. डोळ्यांत पाणी चुलीच्या धुराने आले होते.

म्हणून लिहून ठेवतो: तापात बरळणे, उसासा, आसवे, हात जोडल्यासारखे दिसणे, बोट दाबणे, घोरणे, यांपैकी कशालाही माझे मत समजू नये. माझे मत शुद्धीवर असताना ठरले आहे आणि ते वर लिहिले आहे. साक्षीदार म्हणून डीकनसाहेबांनाच बोलावले आहे. ज्याने स्वतः सही केली, त्याला नंतर 'मी वाचलेच नव्हते' असे म्हणता येत नाही.

कलम आठवे. सातवे कलम वाचून झाल्यावर केझायाने विणकाम बाजूला ठेवले आणि वकिलांसमोरच म्हणाली, "अहो, डीकनचं जाऊ द्या. माझ्यासाठी एकदा म्हणाल का, देवाला मानतो म्हणून?"

हे नीट लिहायला हवे. देवीची साथ आली तेव्हा वैद्य टोचायला तयार होता. त्या वेळच्या पाद्र्यांनी सांगितले, टोचणे म्हणजे देवावर अविश्वास. आम्ही दोघांनी विश्वास ठेवला. एसा गेला. पुढे हिटीला मी टोचून आणले, ती जगली. त्या एकाच दुःखाने मी श्रद्धेच्या एका दाराने बाहेर पडलो आणि केझाया दुसऱ्या दाराने आत गेली. आम्ही त्यावर भांडलो नाही. एसा तिला कुठेतरी परत भेटायला हवा होता, आणि माझ्याजवळ तशी जागा नव्हती.

"मला तिथं एसा भेटणार आहे," ती म्हणाली. "त्यानं विचारलं, बाबा कुठायत, तर काय सांगू? बाहेर वाद घालत उभे आहेत म्हणून?"

मी म्हटले, "सांग की, खोटं बोलून आत यायला तयार नव्हते."

"एवढा खरेपणा तिथं कुणाच्या कामाचा?"

मी नुसते म्हणून टाकावे, तर तिचा कान माझ्याहून तिखट आहे. माझ्या आवाजातली चीर तिला लगेच ऐकू येईल.

तेव्हा मिळकतीपैकी जे उरले ते असे वाटून देतो. माझी वेळ आली की खोलीत फक्त केझाया राहील आणि दार बंद असेल. माझे शेवटचे शब्द, जे काही असतील ते, केझायाच्या पूर्ण मालकीचे. तिने ते जपून ठेवावे, सांगावे, बदलावे, हवे तर नवे करून घ्यावे. ती जे सांगेल ते मी बोललो असे सर्वांनी मानावे. वरचे सातवे कलम तिला लागू नाही.

वकिलांनी हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी काहीही सांगितलं तरी चालेल?"

"काहीही."

"देवाचं नाव घेतलंत असंसुद्धा?"

"मालकीण तू."

तिने विणकाम पुन्हा हातात घेतले. मग म्हणाली, "नको. जे बोलाल ते मी नीट ऐकून घेईन. आणि डीकन विचारायला आले की सांगीन, ते माझ्याशी बोलत होते, तुमच्याशी नाही."

वकिलांनी विचारले, हेही लिहायचे का. मी म्हटले, लिहा आणि त्याखाली सही घ्या.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, आणि मी माझ्या हाताने सही करीत आहे. मुक्काम एल्डरफील्ड, तारीख ९ मे १८०३.

जोथम टिल्डन, ओतारी

आमच्यासमोर सही झाली, व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:

रूफस पीबडी, खानावळमालक
सिल्व्हानस ग्रे, वैद्य
फिनिअस लोथ्रॉप, डीकन (सही केली आहे, मते मान्य नाहीत. दार बंद राहील.)