बाळंतिणीचं न्हाणं कोणाच्या घरी

पांढुर्णा, ३ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रेमलतेले मोठ्या बहिणीचे अ. आ., रागातून उरले तेवढे.

पत्र लि. का. की, फोनवर तू मधामधात बोलते अन् माहा राग अर्धाच निघते, म्हून लिहून राहिली. शेजारचे अनिल मास्तर रोज सौंसरच्या शाळेत जाते, त्यायच्या हातानं पाठवतो. तूबी त्यायच्याच हातानं जवाब देजो.

मुद्द्याचं सांगतो. रश्मी म्हणते की मी बाळंतपणाले मावशीकडं जाईन. माह्या पोटची पोरगी, पहिलं बाळंतपण, अन् मावशीकडं! पहिलं बाळंतपण मायच्या घरी होते, हे तुले मी शिकवाव का? कारण इचारलं त म्हणते, मावशीच्या न्हाणीत पाणी हाय. आमच्या इथं नळ चौथ्या दिवशी येते, इहीर आटली, हे कबूल. पण तुमच्या इथं काय नदी वाहून राहिली? दुष्काळ तिकडंबी तोच.

मंग समजलं. तुह्या घरी थे पाणी वाचवणारे, सरकारी ताऱ्याचे ठप्पे असलेले नळ लागले, वरून फव्वारा लागला, अन् तू रश्मीले फोटो पाठवले. न्हाणीचे फोटो! लोक नातवाईचे फोटो पाठवते बाई, तू तोटीचे पाठवते. जिल्ह्याचं गाव आमचं पांढुर्णा झालं अन् चमकून राहिली तुही न्हाणी. येऊन येऊन सांगते लोक मले, प्रेमाबाईचं घर पाहिलं का म्हून. नाई पाहिलं अन् पाहाचंबी नाई.

लोभ हाय तेवढा राहू दे, पण पोरगी माही हाय हे ध्यानात ठेव.

तुही ताई,
सुशीला

---

सौंसर, ५ एप्रिल

ती. ताईले सा. न. वि. वि. भाऊजीलेबी नमस्कार.

पत्र वाचलं. अनिल मास्तर समोरच बसले होते, म्हून रडता आलं नाई.

ताई, नळ मी मिरवाले नाई लावले. टंचाई आली तशी वॉर्डात नोटीस आली की कमी पाणी सोडणाऱ्या, सरकारी ठप्प्याच्या तोट्या लावा अन् संडासाची टाकी लहान करा, नाईतर कनेक्शन नवं होणार नाई. तुले मालूमच हाय, नियम म्हटला की आमच्या घरी कसं होते. यायनं सगळ्या वॉर्डाच्या आधी लावून घेतले. त्या तोटीच्या तोंडात जाळी असते, पाण्यात हवा मिसळते. धार दिसाले जाड, पाणी निम्मंच. पहिले दोन दिवसात रिकामी होणारी टाकी आता नळ येतपर्यंत पुरते. तुमच्या इथं शालिकराम भाऊजीनं थे पितळी नळ सोडून पाय धुतले की अर्धी टाकी गटारात जाते, हे मी नाई, सारा मोहल्ला पाहाते.

रश्मीले मी बोलावलं नाई. तीच येतो म्हणाली. येतो म्हणणाऱ्या पोरीले मी दार लावू का?

अन् तू म्हणते, लोक नातवाईचे फोटो पाठवते. माह्याकडं नातू नाई ताई, पोरगी नाई, पोरगा नाई. नळच हाय.

माया कमी पडली असन त नियमात बसवून थोडी जास्त सोड.

तुही,
प्रेमा

---

पांढुर्णा, १२ एप्रिल

चि. सौ. प्रेमाले अ. आ.

नातवाचं बोलली थे सोडून दे. तोंड हाय, सुटते.

आता आयक. आमच्या घरीबी लागले. तेच नळ, तेच तारे, तोच फव्वारा. दुकानदाराले तुह्याच न्हाणीचा फोटो दाखवला अन् म्हटलं, याच्यात जे दिसते थे सगळं दे. साबणदाणीसुद्धा. केतन प्लंबर आला होता. भल्ला शहाणा! टाकी कुठं हाय, किती उंच हाय, पहिले पाहू द्या म्हणे. मी म्हटलं, बापू, तुले नळ लावाले बोलावलं का घर पाहाले? मुकाट्यानं लावून गेला. पितळी नळ काढले तवा तुह्ये भाऊजी तोंड पाडून बसले होते. बसू दे.

रविवारी रश्मी सासरून, लोधीखेड्याहून येऊन राहिली, जावई अतुलरावबी येतीन. पोरगी न्हाणी पाहीन अन् मंग सांगीन कुठं बाळंत होते थे. तुह्या घरचा पाळणा मांडला असन त काढून ठेवजो, धूळ बसन.

तुह्यावर माही नजर हाय, तशीच मायाबी हाय.

ताई

---

सौंसर, १५ एप्रिल

ती. ताईले सा. न. वि. वि.

रश्मी काल संध्याकाळी इथं आली. तू काई सांगणार नाई म्हून मीच लिहितो.

पोरगी तुह्या नव्या फव्वाऱ्याखाली उभी राहिली, डोक्याले शिकेकाई लावली, अन् वरून पाणी आलं थे म्हणे देवाच्या पिंडीवर गळते तसं. डोळे मिटून आवाज देत राहिली. शेवटी भाऊजीनं पेयाच्या माठातून गडवा गडवा पाणी दाराच्या फटीतून दिलं तवा केस धुतले. अतुलराव अंगणात तोंडावर पेपर धरून बसले होते, पण पेपर हालून राहिला होता म्हणे.

ताई, या तोट्याले पाणी उंचावरून पडाव लागते, जोर लागते. आमची टाकी तिसऱ्या माळ्यावर हाय. तुही न्हाणीच्याच पत्र्यावर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. केतन तेच पाहात होता. मले इचारलं असतं त मीबी सांगितलं असतं. पण इचारणं तुह्या रक्तात नाई.

रश्मी आता इथंच राहीन म्हणते. दवाखानाबी जवळ हाय. मी तिच्यासाठी मागची खोली काढली. खरं सांगू? मले लय आनंद झाला. तुले राग येईन, येऊ दे.

राग ओसरला की आठवण ठेव.

प्रेमा

---

पांढुर्णा, १६ एप्रिल

प्रेमलतेले,

आशीर्वाद मागच्या पत्रातले वापर.

डिंकाचे लाडू पाठवले. रश्मीसाठी हायेत. तू एकबी खाऊ नको. मी येणार नाई. माह्याच पोरीच्या बाळंतपणात मी पाहुणी म्हून येऊ, तू मले चहा देशीन अन् माही पोरगी तुह्या खोलीत? नाई जमत.

लोभाचं पावसाळ्यात पाहू.

सुशीला

---

सौंसर, १३ मे

ती. ताईले सा. न. वि. वि.

पोरगी झाली हे त यायनं तुले फोनवर सांगितलंच. तू वजन इचारलं अन् फोन ठेवला. तिथं नंतर रडली का नाई हे भाऊजीले इचारीन.

आज दवाखान्यातून घरी आणली. रश्मीले न्हाऊ घालाले, मालिश कराले देवकाबाई लावली, साऱ्या सौंसरच्या बाळंतिणी तिच्याच हातच्या. तेल लावून झालं, मी कौतुकानं गरम पाण्याचा फव्वारा सोडला. जाळीतून बारीक तुषार येते ना, थे वरून खाली येतपर्यंत थंड होते. रश्मी कुडकुडाले लागली. देवकाबाईनं हात आखडले. हे पाणी हाय का सकाळचं दव म्हणे, बाळंतिणीच्या कमरेवर कढत पाण्याची धार पडाव लागते, तुमच्या न्हाणीत नाई जमत. गेली निघून.

मंग मीच गंजात पाणी तापवलं अन् गडव्यानं ओतलं. रश्मी हळूच म्हणाली की आई मानेपासून ओतते, एका हातानं केस धरून. मी केस धरले. त म्हणाली, असे नाई. अन् रडाले लागली.

ताई, मी महिनाभर तिले खाऊ घातलं, रात्रीचे पाय दाबले. मले वाटलं एवढ्यात तरी ती चुकून मले आई म्हणीन. झोपेत म्हणाली होती, मी ओ दिली. डोळे उघडून मले पाहिलं अन् मावशी म्हणाली. तू कबूल करणार नाई, पण तुले माह्या न्हाणीचा हेवा वाटला. मले तुह्या हाताचा वाटून राहिला, अन् हा मेला हेवा काई नळासारखा बंद होत नाई.

उद्या तिले कोण न्हाऊ घालन? पाहुणी म्हून नको येऊ. कशी यायची थे तूच ठरव.

वाट पाहाणारी,
प्रेमा

---

पांढुर्णा, १३ मे, संध्याकाळ

चि. सौ. प्रेमाले पोटभर आशीर्वाद.

सुट्टीतबी शाळेच्या कामाले जाते म्हून बरं, मास्तर आत्ताच पत्र देऊन गेले. हे पत्र त्यायच्या हातानं सकाळी येईन, त्याच गाडीत मीबी बसली असन, त मी दारात उभी राहीन तवाच वाच. पण लिहिल्याशिवाय माहं मन ठिकाणावर येत नाई.

फव्वारा बंद कर. मोठा गंज चुलीवर चढव, ग्यासवर नाई. पाट काढ. रश्मीले सांग रडू नको, दुधावर परिणाम होते.

मी तिले पांढुर्ण्याले नेणार नाई. तुह्ये भाऊजी टाकीले उंच चबुतरा बांधून राहिले, नळ काई वाईट नाई, टाकीच बुटकी होती. हे तुह्या नवऱ्याले, रघुनाथरावले सांगशीन त याद राख. पण उन्हाळ्यात पोरीले हलवाचं नाई. सवा महिना ती तुह्याच घरी राहीन. मले लय झोंबून राहिलं हे लिहिताना, तरी लिहितो.

मातर वाटणी आत्ताच करून घे. न्हाणीत मी, पाळण्यापाशी तू. रश्मीच्या पाठीले तू हात लावाचा नाई, अन् लेकरू रडलं त मी न्हाणीतून धावत आली तरी मले घेऊ देऊ नको. एक डाव घेतलं की मी सोडणार नाई, माहा सोभाव तुले मालूम हाय.

लेकरू कोणावर गेलं थे मले अजून कोणीच सांगितलं नाई. तू त मुळीच सांगू नको. तुह्यावर गेलं असन त मी येऊनच पाहातो काय थे.

तुही ताई,
सुशीला