सोबत राहणारी व्यक्ती

२ डिसेंबर, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. अमरावतीतला पहिला दिवस, आणि तो चक्क मजेत गेला. अकोल्याहून निघताना आईनं ज्वारीचं पीठ, ठेचा, तुरीच्या शेंगा असं इतकं बांधून दिलं होतं की मूर्तिजापूर येईपर्यंत कंडक्टर माझ्या पिशव्यांकडे डोळे वटारून बघत होता.

घर रुक्मिणीनगरात मिळालं. दोन खोल्या, बाहेर बसायला ओटा. मला एकटीला एक खोली रग्गड, पण दुसरी आईची आहे. बाबा गेल्यापासून ती अकोल्यात एकटी असते. माझी नोकरी पक्की झाली की तिला इकडे आणायचं, हे आम्हा दोघींचं ठरलेलं. तिच्यासाठी खाट आजच टाकून घेतली. घरमालकीण रागिणीताई समोर राहतात. चहा पाजता पाजता त्यांनी माझं आडनाव, पगार आणि लग्नाचा विचार असं सगळं काढून घेतलं. बाई पोलिसात असायला हवी होती.

४ डिसेंबर

काम समजलं. आमची संस्था गावोगावच्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच औषधं देते. केंद्रावर त्यांचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरतात. काही रकाने सक्तीचे, लाल चांदणीवाले. ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, पण अर्धवट असला तरी 'अपूर्ण' म्हणून सेव्ह करता येतो. अर्जदार उरलेली माहिती द्यायला परत येणार नाही असं दिसलं की तो फॉर्म आपोआप अमरावतीच्या 'अपूर्ण' कप्प्यात येऊन पडतो. सॉफ्टवेअरला हे कसं कळतं ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही. हा कप्पा आता माझा. महिनाअखेर तो रिकामा केला की मी पक्की.

जवळजवळ सगळे फॉर्म एकाच रकान्यावर अडलेत. 'सोबत राहणारी व्यक्ती.' योजना एकट्या माणसांची, आणि सोबत कोण राहतं ते सांगणं सक्तीचं! हा फॉर्म ज्यानं बनवला त्याला शाल-श्रीफळ द्यायला हवं.

९ डिसेंबर

शेजारच्या टेबलावरच्या श्यामभाऊंना विचारलं. ते म्हणाले, पहिले आपण टिंब टाकून द्यायचो, फॉर्म सुटून जायचा. आता टिंब चालत नाही. नाव लागतं, मोबाईल नंबर लागतो, त्यावर ओटीपी येतो. मग आपलंच नाव टाकायचं न् मोकळं व्हायचं, कोन पाहून राहिलं, असा त्यांचा सल्ला.

पहिला फॉर्म वलगावच्या पार्वताबाईंचा. गुडघे धरलेले, खाली बसता येत नाही. फोटोत डोक्यावर पदर, आणि कॅमेऱ्याकडे न बघता त्या बाजूला कुणाकडे तरी बघताहेत. बाजूला कुणी नसणारच. मला भरून आलं. सोबत राहणारी व्यक्ती : दीपमाला. ओटीपी टाकला, लाल चौकट हिरवी झाली. खरं सांगते, छान वाटलं. औषध तरी मिळेल बाईला.

घरी येऊन भाकरी टाकली. बोलायला कुणी नाही म्हणून भाकरीलाच म्हटलं, करपलीस की गं.

१३ डिसेंबर

संध्याकाळी रागिणीताई फाटकातच म्हणाल्या की तुमची माय आली वाटते, खिडकीतून दिसल्या, खुर्चीवर बसून शेंगा सोलून राहिल्या होत्या.

मी चपला न काढता आत पळाले. दाराला कुलूप होतं, ते मीच उघडलं, तरी मनात शंका आली नाही, इतका आनंद झाला होता. आत कुणी नव्हतं. खुर्ची खिडकीशी ओढलेली. खाली वर्तमानपत्रावर तुरीची टरफलं, आणि वाटीत दाणे, नीट निवडलेले.

आईला फोन केला. ती अकोल्यातच होती, वरणाला फोडणी देत होती. फोन ठेवल्यावर मी रडले. भीतीनं नाही. ती आली नव्हती म्हणून.

१५ डिसेंबर, रविवार

आज अकोल्याला जायचं होतं. गेले नाही, ऑफिसात बसून कप्पा उपसला. सगळीकडे माझंच नाव. एवढ्या घरांत मी राहते आणि माझ्या घरात कुणी नाही, असं मनात आलं.

आईचा फोन आला. मीच तिला केंद्रावर जायला सांगितलं होतं, तिच्या बीपीच्या गोळ्यांसाठी. तिथल्या मुलीनं विचारलं की सोबत कोण राहते. आई म्हणे, रिकामंच ठेव माय, माही पोरगी येईन तं भरीन. मी हसले. माझं नाव सांगून टाकायचंस ना, म्हटलं. तर म्हणाली, खोटं काहून सांगू? तू राहतं का माह्यासंगं?

पुढच्या रविवारी नक्की येते, असं तिला सांगितलं.

१८ डिसेंबर

घरात खोकल्याचा आवाज येतो. आईसाठी ठेवलेल्या खोलीतून. आत गेलं की थांबतो, बाहेर आलं की पुन्हा. विडीचा वासही आहे. चांदूर रेल्वेच्या बुधाजींच्या फॉर्मवर 'दमा, विडी सुटत नाही' असं लिहिलेलं मीच वाचलं होतं, आणि खाली माझं नाव टाकलं होतं.

खुर्ची रोज खिडकीशी जाते. गुडघे धरलेल्या माणसाला खाली बसता येत नाही.

लिहायला लाज वाटते, पण आज ऑफिसला जाताना मी दोन कप जास्तीचा चहा ओतून ठेवला. परत आले तेव्हा दोन्ही कप रिकामे होते. बरं वाटलं मला. कुणीतरी प्यायलं.

२० डिसेंबर

पार्वताबाईंच्या फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. शेजाऱ्यानं उचलला. बुढी तं पोळ्यालेच गेली, म्हणाला. घरी एकटीच होती, दोन दिवसांनी दार तोडलं.

पोळा केव्हाच होऊन गेला. मी नाव टाकलं परवा-परवा.

मग बुधाजींचा. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. जेवढे फोन लागले तेवढे सगळे — सगळे आधीच गेलेले. परत येणार नाहीत, असं सॉफ्टवेअरला यावरूनच कळत होतं.

आणि मी प्रत्येकाला लिहून दिलंय की मी सोबत राहते.

२२ डिसेंबर, रविवार

अकोल्याला गेले नाही. कशी जाऊ — हे माझ्या मागोमाग आईच्या घरात शिरले तर?

ऑफिसात जाऊन माझं नाव खोडायला बसले. रकाना रिकामा केला की लाल चौकट. 'हा रकाना आवश्यक आहे.' सेव्ह होतच नाही. दुसऱ्या कुणाचं तरी नाव घाला, मगच माझं निघतं. श्यामभाऊंचं नाव टाकलं. ओटीपीसाठी त्यांना फोन लावणार होते. त्यांच्या घरी लहान लेकरं आहेत. नाही लावला.

उरलेले फॉर्म तसेच सोडले. यापुढे एकही भरायचा नाही. पक्की नोकरी गेली खड्ड्यात.

२४ डिसेंबर

रागिणीताई चिडल्यात. दिवसभर कोण कोण येऊन तुमच्या ओट्यावर बसते, म्हणाल्या, आत तरी घेत जा.

समजलं. ज्यांचा रकाना भरला ते आत. ज्यांचा नाही भरला ते ओट्यावर. दार वाजवत नाहीत. नुसते बसतात, थंडीत.

आत जागा उरलेली नाही. मी स्वयंपाकघरात झोपते. कुणी त्रास देत नाही. रात्री कुणीतरी अंगावर पांघरूण घालतं — हात गार असतात.

आईला सांगितलं, शनिवारी येते, तुला घेऊनच परत फिरेन, पण इथे नाही, दुसरं घर बघू. ती म्हणाली, ये माय, वाट पाहून राहिली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी कप्प्यात एक नवा फॉर्म आला.

केंद्र : अकोला. नाव : भागीरथा जानराव तायडे.

सोबत राहणारी व्यक्ती — रिकामं.

आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा. पुन्हा. शेजारच्या संध्यामावशींना लावला, त्या म्हणाल्या, दार सकाळपासून बंदच आहे वो, पाहून सांगतो. ऑफिसचा लॅपटॉप उचलला, बसस्टँडवर जायला निघाले. पैसे घरी म्हणून आधी घरी —

फाटकात रागिणीताई. हसत होत्या. आता खरंच तुमची आई आली, म्हणाल्या. ओट्यावर बसल्या आहेत, पिशवी घेऊन.

ओट्यावर मला कुणी दिसलं नाही. पिशवी होती. ज्वारीच्या पिठाची.

आत आले. दार लावलं — का लावलं? आतले सगळे दाराकडे बघताहेत, मला दिसत नाहीत पण कळतं. खाटेवरचा खोकला थांबला. खाट करकरली. कुणीतरी उठून जागा केली.

संध्यामावशींचा फोन येतोय. उचलत नाही. उचलला नाही तोवर काहीच झालेलं नाही. तोवर आई अकोल्यात आहे.

पण ओट्यावर किती गार पडलंय. आणि रकाना रिकामा आहे. भरला तर ती गेली हे मीच — नाही भरला तर ती बाहेर, एकटी, तिथेही एकटीच होती, मी रविवारी —

माही पोरगी येईन तं भरीन.

फोन पुन्हा वाजतोय. वाजू दे. लॅपटॉप उघडला. सोबत राहणारी व्यक्ती : दीपमाला. या वेळी तरी खोटं नाही.

ओटीपी आला.

आई, थांब गं, एवढं भरते अन् दार