डोक्याच्या मधोमध

सोमवार, २० जानेवारी
मोनिकाचा नगरच्या वसतिगृहातून फोन. तिला दिसत नाही. बारावीचं इतिहासाचं पुस्तक मीच वाचून, रेकॉर्ड करून पाठवते. म्हणाली, "बाई, राग मानू नका. अर्ध्या तासात डोकं ठणकतं. ऐकायचं बंद केलंय." पेपर सहा आठवड्यांवर! जेवण गेलं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी
हेडफोन घालून स्वतः ऐकलं. खरं आहे तिचं. माईक एकच, रेकॉर्डिंग मोनो – दोन्ही कानांत तंतोतंत तोच आवाज. त्यामुळे मी समोर नाहीच, डोक्याच्या आत मधोमध बसून बोलतेय. तेहतीस वर्षं वर्गात शिकवलं, आज पहिल्यांदा माझाच मला वैताग आला.

पुन्हा वाचून उपयोग नाही. माईक तोच.

गुरुवार, २३ जानेवारी
लॅपटॉपवर उजव्या कानाचा आवाज जरासा उशिरा सोडला, तुकडा मोनिकाला पाठवला. ती फोनवर हसत सुटली. "बाई, तुमी आख्ख्या डाव्या कानाकडं सरकल्या."

शुक्रवार, २४ जानेवारी
उशीर काढला, घुमारा घातला. यांना ऐकवलं. "चर्चमध्ये उभी राहून वाचलंस का?" म्हणाले, आणि पिशवी घेऊन बाजारात गेले. श्रीरामपुरात विचारायला माणूस म्हणजे हे एवढेच!

रविवार, २६ जानेवारी
उपासनेहून आल्यावर पुन्हा बसले. मूळ आवाज दोन्हीकडं सारखाच ठेवला. घुमारा अगदी पुसट, साध्या खोलीतल्याइतका – पण डाव्या कानाला एक, उजव्याला किंचित वेगळा.

आवाज डोक्यातून निघाला. टेबलापलीकडं जाऊन बसला. एक धडा पाठवला.

सोमवार, २७ जानेवारी
"दोन तास ऐकलं बाई. आता तुमी समोर खुर्चीत बसून वाचताय. डोकं न्हाई दुखलं."

मी "बरं" एवढंच म्हणाले. फोन ठेवून लगेच दुसरा धडा उघडला.

सोमवार, ३ फेब्रुवारी
सगळे धडे तसेच करून पाठवले. पाठ मोडली.

शुक्रवार, ७ मार्च
मोनिकाचा फोन. पेपर चांगला गेला. मग बिचकत म्हणाली – रेकॉर्डिंग तिनं वसतिगृहातल्या मुलींनाही दिलंय, न विचारता. चौदा जणी ऐकतात. दोघी अकरावीच्या आहेत, त्या विचारतायत, "बाई आमचं पुस्तक कधी वाचणार?"