खुंटीवरची चावी

शमुवेल,

फोन उचलत न्हाईस म्हणून लिहिते. भाकरी टोपल्यात हाय, वरण गरम करून घे.

चर्चची चावी खुंटीवर न्हाई. बाबा गेल्यापासून ती आपल्या दोघांशिवाय कुणाच्या हातात गेली न्हाई. दुपारपासून चर्चमागं ट्रॅक्टर उभाय आन् दार आतून लावलंय. तुझेच ते चोरून वाळू उपसणारे दोस्त.

तू आधी जेवायच्या वक्ताची प्रार्थना सोडलीस, मग रविवार सोडलास. तरी मी त्यांना चहा पाजत राहिले. वाटलं, तुझ्या संगतीनं एक दिवस तेच चर्चला येतील. आज आले खरे.

मी दार वाजवायला चालले. रोजच्यासारखी सहाला घंटा वाजवीन. न्हाई वाजली तर ये. एकटा ये.

अक्का