शेवाळाची काळजी

बाई, आज इथे आखातात, खलिफा सिटीतल्या एका क्लिनिकच्या रिसेप्शनला मी मॉसची भिंत लावून आले. जिवंत नाही हो. वाळवलेलं, हिरवं रंगवलेलं मॉस, अल कुसैसच्या आमच्या गोदामातून खोक्यांत भरून नेलेलं. मॅनेजरनं विचारलं, पाणी किती लागतं? म्हटलं, अजिबात नाही, फक्त एसी चालू ठेवा. स्वारी खूश. खलास, काम झालं. तुमच्याकडे बॉटनी शिकून मी हे करते, आणि चांगलं करते, म्हणून तर जास्त चीड येते.

तुम्ही मॉसला हरिता म्हणायचात. तुमची ती दुर्मिळ जात एका देवराईत तेवढी उरली होती, झऱ्याच्या पायऱ्यांवर, पाच-सहा दगडांपुरती. तुम्ही गुडघे टेकून भिंगातून बघत बसायचात आणि मला दटावायचात, शेवाळ म्हणू नकोस, शेवाळ म्हटलं की लोक खरवडतात. उत्सवाआधी पायऱ्या धुतात, म्हणून देवस्थानाला पत्र लिहायचं काम माझ्यावर सोपवलंत. मी अतिशहाणी. गावात हरिता कुणाला कळणार, म्हणून लिहिलं, 'पायऱ्यांवरील शेवाळाची काळजी घ्यावी.' घेतली त्यांनी. तारेचे ब्रश, ब्लीचिंग पावडर, सगळं. आपण पोचलो तर दगड पांढरेफटक, आणि तुम्ही भिंग काढून एकेक दगड तपासलात.

मग देवस्थानाच्या सेक्रेटरींना तुम्ही चारचौघांत झाडलंत. अडाणी म्हणालात. त्यांनी खिशातून पत्र काढलं, तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. तुम्ही पाठ फिरवल्यावर त्यांनी ते माझ्याकडे दिलं.

"ताई, तुम्ही लिहिलंत तसंच केलं."

मी ते पर्समध्ये कोंबलं. पुढे तुम्ही किती देवराया पालथ्या घातल्यात, ती हरिता कुठेच सापडली नाही. शेवटपर्यंत त्या गावाला बोल लावत राहिलात, आणि सुट्टीवर आले की मी शेजारी बसून हो ला हो म्हणत राहिले. लाज वाटते बाई, आजही वाटते.

क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून हे फोनवर लिहितेय. पाठवणार कुठे? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. घाबरून गप्प बसले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मी घाबरले नव्हते. त्याच आठवड्यात तुम्ही मला इथल्या नोकरीसाठी शिफारसपत्र देणार होतात. ते आधी हातात पडू दे, म्हटलं.